चौथा चाप

श्रद्धांजली : सकाळी १० ते १०.३०

(पत्रिकेत असं छापलं होतं. प्रत्यक्षात अकरा वाजले, कारण सुकलाल आप्पा गाडीतून उतरेनात.)

"आप्पा, मी एसी बंद केलाय. आत शिजाल."

"शिजू दे."

"लोक बघताहेत."

"हर्षू, तू जा. मी येतो."

"हे तुम्ही पंधरा मिनिटांपूर्वी म्हणालात."

हर्षदानं गाडी कडोदऱ्याच्या वाडीच्या दाराशीच लावली होती. समाजाचं कार्यालय ते, पण सुरतेत सगळे वाडीच म्हणतात. लग्नंही इथंच, तेरावंही इथंच. दारावर फ्लेक्स होता. काशिनाथ नानांचा फोटो ताणून इतका मोठा केला होता की चेहऱ्याचे ठिपके सुटे झाले होते. वय वर्षं शहाण्णव. आप्पांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नानांचं घरही इथंच, कडोदऱ्याला. आप्पांच्या लिंबायतहून इथवर अर्ध्या तासाचा रस्ता, पण आजोबांना नानांकडे घेऊन आल्याचं हर्षदाला एकदाही आठवत नव्हतं. लग्नाकार्यात दोघं भेटायचे. एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, दोघंही एकाच वेळी, आणि मग पंगतीच्या दोन टोकांना जाऊन बसायचे.

तिचे वडील, ललित, पांढऱ्या सफारीत घामाघूम होऊन बाहेर आले आणि त्यांनी गाडीच्या काचेवर टकटक केली.

"आप्पा, तुम्हाला काही बोलायचं नाही. भाषण प्रशांतभाऊ करणार. तुम्ही गंध लावायचं, टोपी घालायची, झालं. दोन मिनिटांचं काम."

"गजूला दुसरा मामा नाही का?"

"आता ह्या वयात कुठून आणू?"

हर्षदाला हसू आलं. आप्पांना आलं नाही.

ज्या घरात माणूस जातं, तिथं तेरा दिवस कपाळाला गंध लागत नाही. तेराव्या दिवशी मामा येतो, भाच्याला गंध लावतो, डोक्यावर टोपी ठेवतो. तिथून पुढं घर पुन्हा घर. खानदेशातून सुरतेत आलेल्यांनी बरंच काही सोडलं, हे सोडलं नाही. आणि मामाच लागतो. काका चालत नाही, जावई चालत नाही.

आप्पा उतरले. नव्वदीला एक कमी. तिनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.


श्रद्धांजली (खरोखरची) : ११.१० पासून

प्रशांत समाजाचा चिटणीस. आवाज मोठा, मन चांगलं, माईक हातात आला की पाच मिनिटांची पंधरा करणारा.

"...माणूस म्हटला की चूक होते, मंडळी. नानांच्या हातून एक झाली. सत्तावन्न साल. लांब दक्षिणेत, जिथं लष्कराची नवी विमानं तयार व्हायची, तिथं आपला हा माणूस नोकरीला होता. नवं कोरं विमान, चाचणीचं. नानांकडून काहीतरी काढायचं राहिलं. विमान उडलंच नाही. धावपट्टीच्या टोकाला जाऊन... जाऊ दे. पण पुढं अडुसष्ट वर्षं त्या माणसानं मुंगी दुखावली नाही. एका चुकीवर आख्खं आयुष्य उभं करणं, हे सोपं नाही!"

बायकांच्या बाजूनं कुणीतरी नाक ओढलं. प्रशांतला वाटलं, भाषण लागलं.

पुढच्या रांगेत, पाटावर, नुकतं डोकं केलेला नानांचा मुलगा गजेंद्र बसला होता. पासष्ट वर्षांचा माणूस. त्याला उधन्याच्या शाळेचं मैदान दिसत होतं. मधली सुट्टी. पोरं हात पसरून, तोंडानं घर्रर्र करत धावत यायची आणि बरोबर त्याच्या पायाशी येऊन धाडकन पडायची. रोज एक नवा पायलट. मास्तरही एकदा हसले होते.

त्यानं वडिलांना उभ्या आयुष्यात तीनदा विचारलं होतं. नऊ वर्षांचा असताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि गेल्या महिन्यात.

नाना, तुम्ही खरंच विसरला होता?

हो.

तिन्ही वेळा तेवढंच.

आणि हा माणूस चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात कापड मोजायला होता. एका ताक्याची घडी कधी चुकली नाही. दाराची कडी तीनदा बघायचा. गॅसचं बटण तीनदा. नातवाचं दप्तर तीनदा. लोक म्हणायचे, त्या प्रसंगानं असा झाला. गजेंद्रला गेले तेरा दिवस वाटत होतं की माणूस असा होत नाही. असा असतो.


गंधमुक्ती : १०.३० ते ११

(बारा वाजून गेले होते. आत रसोईचा महाराज जेवणाचं दोनदा विचारून गेला, "शेठ, जमण क्यारे?" त्याला ललितनं हातानंच थोपवलं.)

आप्पांच्या हातात गंधाची वाटी. ललितच्या हातात टोपी आणि उपरणं. आप्पांनी अनामिका बुडवली, हात पुढं केला.

गजेंद्रनं मनगट धरलं.

"मामा, एक विचारू?"

"विचार ना."

"तिथं तुम्ही दोघंच होतात. तुम्ही आणि नाना. बरोबर?"

ललित खाली वाकला. "गजूदादा, आता नको. लोक—"

"मी तुझ्याशी बोलत नाही, ललित. मामा, आत्ता प्रशांतनं सांगितलं ते मी पोरवयापासून ऐकतोय. आज शेवटचं ऐकतो. तुमच्या तोंडून. ते विसरले, हे तुम्ही पाहिलंत ना? एवढंच म्हणा, हो, काशिनाथ विसरला. मग गंध लावा."

एवढंच होतं. आप्पांनी ते आधीही म्हटलेलं होतं, चौकशीच्या खोलीत, एका लांब टेबलासमोर. मान हलवली होती फक्त. तेवढं पुरलं होतं.

आता मनगट सुटत नव्हतं.

"मामा?"

"अरे, म्हातारा माणूस आहे," ललितचा आवाज चढला. "अडुसष्ट वर्षांपूर्वीचं काय विचारतोस? आणि कुठं? आज? नानाफुवांच्या फोटोसमोर?"

"फोटोसमोरच विचारणार. दुसरीकडं कुठं भेटतात हे?"

"म्हणजे तुला काय म्हणायचंय? आमच्या आप्पांनी—"

"मी काही म्हणत नाही. मी मामाला म्हणायला सांगतोय."

हर्षदा खांबाशी उभी होती. ती हजिऱ्याच्या एका गॅस प्लांटमध्ये सुरक्षा विभागात होती. तिथं मशीन बंद करणारा माणूस स्वतःच्या नावाचं कुलूप लावतो, आणि ते फक्त तोच काढतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे शिकवलं तेव्हा तिला गंमत वाटली होती, कारण हे तिला लहानपणापासून येत होतं. आप्पांच्या लूमच्या शेडमध्ये हाच नियम. ज्यानं लूम थांबवला त्यानंच सुरू करायचा. तो संडासला गेला असला तरी थांबायचं. ललितनं त्यावरून किती कटकट केली होती. आप्पांनी कारण कधी सांगितलं नाही.

तिला आत्ता ते कारण दिसलं, आणि नको होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "त्यांना बोलू द्या."

"तू मध्ये पडू नकोस."

"तुम्ही पडलाय मध्ये."


(हे पत्रिकेत नाही)

उघड्यावर उभ्या केलेल्या विमानाचे हलते भाग वाऱ्यानं आपटतात. म्हणून त्यांना लाकडी चाप लावतात. उडायच्या आधी काढतात. प्रत्येकाला लाल कापडाची पट्टी, दिसावी म्हणून.

एक. डावा पंख.

दोन. उजवा पंख.

तीन. शेपटीचं उभं पातं.

"चौथा उंचावर होता," आप्पा म्हणाले.

ते पाटावरच बसले होते, गजेंद्रच्या समोर, भाच्यासारखे. वाटी खाली. प्रशांतनं माईक बंद करायचं सोडून तो नुसता खाली धरला होता, त्यामुळे शब्द अधूनमधून शेवटच्या रांगेपर्यंत जात होते.

"शेपटीचं आडवं पातं. त्यानंच नाक वर उचलतं. शिडी लागायची. आदल्या दिवशी रंगारी आले होते, शिडी त्यांनी नेली. लाल पट्टीसुद्धा त्यांनीच सोडवून ठेवली होती, रंग लागू नये म्हणून. मी तीन काढले. शिडी आणायला निघालो. तेवढ्यात भाऊजींनी पुढून हाक मारली. सुकू, झालं का?"

"मग?"

"साहेब लोक उभे होते. दिल्लीहून आलेले. भाऊजींनीच मला चिकटवलं होतं तिथं. नाही झालं म्हटलं असतं तर त्यांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं असतं. म्हटलं, दोन मिनिटांत काढतो. म्हटलं, झालं भाऊजी."

आप्पांनी चार बोटं वर केली.

"नियम असा होता, की मी चारही चाप त्यांच्या हातात द्यायचे. ते मोजणार, मग सही. त्या दिवशी ते मोजायला आले नाहीत. रोज मोजायचे, बाकी सगळ्यांचे. त्या दिवशी चार परक्या माणसांसमोर बायकोच्या भावाचे हात तपासायचे... मेहुणा झालं म्हणतोय आणि आपण म्हणायचं, दाखव बघू. ते त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी सही केली. मी शिडी घेऊन आलो तर इंजिन सुरू."

"ओरडायचं," गजेंद्र म्हणाला.

"हो."

"पुढं जाऊन उभं राहायचं!"

"हो."

"पायलटला कळलं नसतं का?" ललितनं विचारलं. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "दांडा हलवून बघतात ना?"

"त्याचा दांडा हलायचा. बनावटच तशी होती, मागचं अडकलं असलं तरी हातात हलायचा. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी तेच मनाशी म्हणत उभा होतो. साहेबांना कळेल. साहेब थांबतील."

तीनशे वार. वेग धरला.

सहाशे. नाक खाली.

नऊशे. नाक खाली. इथं उचलायला हवं.

बाराशे. नाक खाली. चाकांखालून धूर.

मग धावपट्टी नव्हती. चर होता, चरापलीकडे भिंत, आणि

"शिडी हातातच होती माझ्या," आप्पा म्हणाले.


अनसूया

नानांची बायको, सुकलालची थोरली बहीण. ती खुर्चीत बसली होती, बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. ब्याण्णव वर्षं. कान चांगले होते. तिनं सगळं ऐकलं, आणि तिला आधी वाटलं, बरं झालं, बोलला, आणि दुसऱ्या क्षणी तिला पुढचा प्रश्न दिसला.

गजेंद्रनं तो विचारलाच.

"मग नानांनी का अंगावर घेतलं? सही चुकली म्हणाले असते. मेहुण्यानं खोटं सांगितलं म्हणाले असते. विसरलो का म्हणाले?"

सुकलालनं एकदाच बहिणीकडं पाहिलं. लहानपणी बोरं चोरताना सापडला की असाच बघायचा.

"मी पाय धरले त्यांचे," तो म्हणाला. "रडलो. म्हटलं, मला वाचवा."

अनसूयाला वाटलं, गप्प बसावं. खूप सोपं होतं. सुकूनं दार उघडून दिलं होतं, तिनं नुसतं आत राहायचं होतं. गजू तिच्या हातचं खातो, तिच्या औषधाच्या वेळा मोबाइलमध्ये लावून ठेवतो. आणखी किती दिवस? वर्ष, दोन वर्षं. ती आईच राहिली असती.

"यानी नही धरात पाय," ती म्हणाली.

"अक्का, तू बठ," सुकलाल घाईनं म्हणाला. अडुसष्ट वर्षांनी तोंडात घरची बोली आली होती.

"मी बठेलच शे. गजू, इकडे ये."

गजेंद्र उठून गेला.

"पाय मी धरात. दुपार व्हती. ते चौकशीला जायला निघाले होते, शर्टाची बटणं लावत होते. मी म्हटलं, मना एकच भाऊ शे. तो जेलमा गया ते माय मरी जाई. तुम्ही नवरा आहात, तुमच्यामागं मी आहे. त्याच्यामागं कोण? त्यांनी वरचं बटण लावलं आणि गेले."

"आणि?"

"संध्याकाळी आले. नोकरी गेली म्हणाले. भात वाढ म्हणाले."

गजेंद्र खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला होता, म्हणून त्याचा चेहरा फक्त तिलाच दिसत होता.

"माय, मी शाळेतून रडत यायचो. आठवतं? मी म्हणायचो, नानांशी बोलणार नाही. तू काय सांगायचीस?"

तिनं पदर सारखा केला.

"तू सांगायचीस, बापाला माफ कर. माणूस आहे, चुकला. देवासमोर उभं करून म्हणून घ्यायचीस. केलं माफ, म्हण. मी म्हणायचो. ते शेजारच्या खोलीत असायचे, माय. त्यांना ऐकू जायचं."

"जायचं," ती म्हणाली.

"मी त्यांना माफ केलं! पासष्ट वर्षं मी त्यांना माफ करत होतो!"

तिनं हात त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं नेला. तो मागं सरकला. फार नाही, वीतभर. हात तिथंच राहिला, मग तिनं तो मांडीवर आणून ठेवला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.


भोजन : दुपारी १२ नंतर

लोक जेवले. न जेवून कसं चालेल, अन्न शिजलेलं होतं. कुजबुज करत जेवले, मग नेहमीसारखे जेवले. प्रशांत एकेका पंगतीत जाऊन सांगत होता, मला माहीत नव्हतं हो, मी चांगल्या हेतूनं बोललो. ललितनं स्वतः वाढायला घेतलं. गेल्या दिवाळीत याच गजेंद्रला त्यानं विश्वस्तांच्या बैठकीत 'आधी आपल्या घरचा इतिहास बघा' म्हटलं होतं. आता तो गजेंद्रच्या सुनेच्या हातातली वरणाची बादली ओढून घेत होता. "द्या ना, सूनबाई, द्या, मी वाढतो." ती द्यायला तयार नव्हती. दोघांत थोडं वरण सांडलं.

गंध झालं नव्हतं. आप्पांनी पुन्हा वाटी उचलली तेव्हा गजेंद्र म्हणाला होता, "नको मामा. राहू द्या. मला अजून सुतक आहे." रागानं नाही. एखादा माणूस पोट भरलं म्हणतो तसं.

आता ते तिघं रिकाम्या हॉलमध्ये होते. आप्पा पाटावर, गजेंद्र भिंतीला टेकून, अनसूया खुर्चीत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, पण उठूनही जात नव्हतं. हर्षदा तीन ताटं घेऊन आली. कुणी हात लावला नाही, म्हणून ती तिथंच बसली.

"नाना तुमच्याबद्दल काही म्हणायचे का, कधी?" गजेंद्रनं विचारलं. प्रश्न मामाला होता की आईला, कळलं नाही.

"तुझा मामा चांगला चाललाय ना, एवढं विचारायचे," अनसूया म्हणाली. "मी म्हणायची, चोवीस लूम झाले. ते म्हणायचे, मग ठीक."

"मी यायला हवं होतं," आप्पा म्हणाले.

"हो," गजेंद्र म्हणाला. "हवं होतं."

"समाजाला मी लिहून देतो. छापा. तुझ्या बापाचं नाव—"

"छापू, मामा. नक्की छापू. मोठ्या अक्षरात छापू." तो थकून हसला. "नानांचं नाव सुटेल. तुमचं अडकेल. मग ललितच्या नातवाला शाळेत पोरं हात पसरून दाखवतील. चालेल?"

आप्पा म्हणाले, "चालेल." मग म्हणाले, "नाही. पण लिहितो."

हर्षदानं पिशवीतून पेन काढलं. कागद सापडेना, तेव्हा तिनं कार्यक्रमपत्रिका उलटी केली; मागची बाजू कोरी होती.

"मी लिहिते, आप्पा. तुम्ही सांगा, शेवटी सही करा. आमच्याकडे अपघाताचा रिपोर्ट असाच असतो." तिनं वर तारीख घातली. "पहिली ओळ मयताची. विमानात किती जण होते?"

"एकटेच."

"नाव?"

आप्पांनी तोंड उघडलं.

गजेंद्र भिंतीपासून सरळ झाला. इतक्या वर्षांत त्याला हे विचारायचं सुचलं नव्हतं. पोरं पायाशी येऊन पडायची तो पायलट कुणीतरी होता. त्यानं आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली, माले माहीत नही.

"आम्ही साहेब म्हणायचो," आप्पा म्हणाले. "उंच होते. ओठ फुटलेले असायचे त्यांचे, उन्हानं. त्या दिवशी विमानाकडं जाताना वाटेत मला म्हणाले, शिडी कशाला रे? मी म्हटलं, पुसायला, साहेब."

"नाव, आप्पा."

"होतं. रोज होतं. सत्तर-ऐंशीचा होईपर्यंत रोज सकाळी उठलो की आधी तेच यायचं, मग बाकीचं. एक दिवस आलं नाही. म्हटलं येईल दुपारपर्यंत." ते बोटावरच्या वाळलेल्या गंधाकडं बघत होते. "मग म्हटलं, भाऊजींना विचारू. त्यांना असणारच. ते काही विसरत नाहीत. दहा वर्षं झाली या गोष्टीला. दर आठवड्याला म्हणायचो, या रविवारी कडोदऱ्याला जाऊ. एवढंच विचारून येऊ."

बाहेर महाराज मोठी पातेली घासायला काढत होता. हर्षदानं पेन कागदावर टेकवलं होतं, ते तसंच ठेवून ती थांबली.